वारसाच्या पैशातून वकिलाची फी: सही करायच्या आधी, केस चालू असताना आणि हिशेब मिळत नसेल तर काय करायचं

मी वकील नाही, हे पहिलं सांगतो. बेळगावच्या कोर्टात एका वकिलांच्या ऑफिसात १७ वर्षं क्लार्क होतो, म्हणजे अर्ज टाईप करून घेणं, फायलिंगला नेणं, कॉपीसाठी नंबर लावणं आणि पार्टीला, म्हणजे पक्षकाराला, फोन करून पुढची तारीख पडली म्हणून सांगणं. त्या १७ वर्षांत एक गोष्ट इतक्या वेळा बघितली की आता लिहायलाच पाहिजे. घरातला कर्ता माणूस जातो, बँकेतली ठेव अडकते, रस्त्यात गेलेल्या जमिनीची भरपाई कोर्टात पडून असते, मुंबईच्या नोकरीतले जुने शेअर ट्रंकेत सापडतात, मग घरचे लोक कुणाच्या तरी ओळखीनं वकिलाकडे जातात आणि पहिल्याच दिवशी बाँडवर, म्हणजे स्टॅम्प पेपरवर, सही करून येतात की जेवढे पैसे सुटतील त्यातले २० टक्के वकिलांचे.

आमच्याच घरात झालं हे. काका गेले तेव्हा मी नोकरी सोडून पुण्याला मुलाकडे होतो. काकूला कुणीतरी एका वकिलाकडे नेलं, नाव लिहीत नाही. ठेव १८ लाखांची, नॉमिनी लावलेला नाही. काकूनं विचारलं फी किती, तर उत्तर आलं, "आत्ता काय द्यायचं नाही ओ काकू, पैसे सुटले की २० टक्के द्या, सगळेच देतात." काकूला बरं वाटलं, कारण हातात तेव्हा पैसेच नव्हते. २० टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार हा हिशेब तिनं केलाच नाही, आणि सोबत दोन कोरे चेक पण सही करून दिले. तर खाली जे लिहितोय ते तिला तेव्हा कुणीतरी सांगायला पाहिजे होतं ते आहे.

पहिलं: वकील लागतोच का ते बघा

बरीच कामं वकिलाशिवाय होतात, आणि लोक तिथंच पैसे घालवतात. खात्याला किंवा ठेवीला नॉमिनी असेल तर बँकेला मृत्यूचा दाखला, नॉमिनीची ओळख आणि क्लेम फॉर्म दिला की पुरतं, कोर्टाचा कागद मागायचं कारण नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो वारसांच्या वतीनं पैसे घेतो. सुप्रीम कोर्टानं हे विम्याबाबत १९८४ ला आणि शेअरबाबत २०२३ ला सांगितलंय. म्हणजे थोरल्या भावाचं नाव नॉमिनी म्हणून आहे म्हणून बहिणीचा हिस्सा गेला असं होत नाही.

नॉमिनी नसेल तर रक्कम बघा. रिझर्व्ह बँकेनं २०२५ ला मृत खातेदारांच्या क्लेमसाठी नवे नियम काढले आणि बँकांना ते ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करायला सांगितले. वाद नसेल तर सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत आणि बाकीच्या बँकांत १५ लाखांपर्यंत सोप्या पद्धतीनं क्लेम द्यायचा, आणि सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाली काढायचा. बँक उगाच सक्सेशन सर्टिफिकेट (वारसाला मयताचे पैसे घेता यावेत म्हणून कोर्ट देतं तो दाखला) आणा म्हणत असेल तर लेखी मागा की कुठल्या नियमानं, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार फुकटात करता येते. पण एक भानगड आहे आपल्याकडे. पुष्कळांचे पैसे बँकेत नसून सौहार्द सहकारी संस्थेत नाहीतर सोसायटीत असतात, पाटी बघून माणसाला बँकच वाटते, तिला रिझर्व्ह बँकेचे हे नियम लागू नाहीत. तिथं संस्थेचे पोटनियम काय म्हणतात ते लेखी मागायचं.

ठेव कुठं आहे हेच माहीत नसेल तर रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, २०२३ ला सुरू झालं, त्यात मयताचं नाव घालून शोधता येतं. १० वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या फंडात जाते पण बुडत नाही, आपल्याच बँकेत क्लेम करायचा. कंपनीचा डिव्हिडंड सलग ७ वर्षं कुणी घेतला नाही तर शेअरसकट आयईपीएफ या सरकारी फंडात जातो, तिथून परत मागायला आयईपीएफ-५ नावाचा ऑनलाईन फॉर्म आहे आणि त्या फॉर्मला फी नाही.

शेतजमिनीचा वारसा लावायला, आपण पौती म्हणतो ते, नाडकचेरीतून, म्हणजे इकडच्या महसूल कचेरीतून, वंशावळ काढून अर्ज द्यायचा असतो. त्यालाही वाद नसेल तर वकील लागत नाही. तलाठ्याला भेटा, उताऱ्यावर नाव चढलंय का ते परत काढून बघा.

वकील लागतो तो मुख्यतः सक्सेशन सर्टिफिकेटला, मृत्युपत्राचा वाद असेल तर, वाटणीच्या दाव्याला आणि भूसंपादनाची भरपाई वाढवून मागायला. सक्सेशन सर्टिफिकेट फक्त येणी आणि रोख्यांसाठी असतं, म्हणजे ठेवी, शेअर, बाँड, राहिलेला पगार. जमीन किंवा घर त्यात येत नाही. "एकाच सर्टिफिकेटमधी घर पण घालतो" असं कुणी म्हणालं तर तिथंच सावध व्हा. मयत जिथं राहत होता तिथल्या कोर्टात अर्ज करायचा, आणि ते सर्टिफिकेट सगळ्या भारतात चालतं. निपाणीचा माणूस, खातं कोल्हापूरला, डिमॅट मुंबईला, तरी अर्ज इकडच्याच कोर्टात होतो. तीन ठिकाणी तीन वकील करायची गरज नाही. हे सांगून मी किती लोकांचे पैसे वाचवले असतील मोजलं नाही.

टक्केवारीचा कागद चालत नाही

वकिलांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाचे वर्तनाचे नियम आहेत. त्यात २० वा नियम सरळ सांगतो की केसच्या निकालावर अवलंबून असलेली फी वकिलानं ठरवायची नाही आणि मिळणाऱ्या पैशात वाटाही ठरवायचा नाही. हे आजचं नाही, १९५४ ला सुप्रीम कोर्टानं स्वतःच्याच एका सीनियर वकिलाच्या प्रकरणात असा करार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन आहे म्हणून सांगितलंय.

आणि आपल्या विषयाला अगदी लागू पडणारा निकाल म्हणजे २०१७ चा बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा सरकार. नवरा अपघातात गेला, बाईनं नुकसानभरपाईची केस घातली, वकिलानं मिळालेल्या भरपाईच्या टक्केवारीनं फी मागितली, चेक घेतला, चेक परत गेला म्हणून तिच्यावरच चेक बाउन्सची केस केली. सुप्रीम कोर्टानं ती केस रद्द केली, म्हटलं की अशी टक्केवारी सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे आणि असा दावा करणं हेच गैरवर्तन आहे. म्हणजे तुम्ही सही केलेली असली तरी, चेक दिलेला असला तरी, तो टक्केवारीचा भाग कोर्टात टिकत नाही. काकूला मी हे फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ती किती तरी वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "म्हंजे माझी सही चुकली न्हवं तर."

अमेरिकेत असलेली पोरं सांगतात की तिकडं वकील एक तृतीयांश घेतो, नॉर्मल आहे. तिकडं असेल, तिकडच्या कायद्यात बऱ्याच केसेसना असा करार चालतो आणि फी वाजवी आहे का ते कोर्ट तपासू शकतं. इकडं कायदाच वेगळा आहे, तिकडचा रेट इकडं सांगू नका.

पण याचा अर्थ वकिलाला फुकट राबवायचं असा बिलकुल नाही. चांगला वकील दोन-दोन वर्षं एका केसला उभा राहतो, त्याला त्याची फी मिळालीच पाहिजे, आणि ती आधी आकड्यात ठरली की दोघांनाही बरं पडतं. मी ज्यांच्याकडे काम केलं ते असंच करायचे, पाठकोऱ्या कागदावर का होईना पण आकडा लिहून पार्टीची सही घ्यायचे आणि एक प्रत पार्टीला द्यायचे.

फी आकड्यात ठरवा, आणि खर्च वेगळा

सगळ्यात जास्त घोळ फी आणि खर्च एकत्र केल्यानं होतो. खर्च म्हणजे कोर्ट फी, प्रोसेस (समन्स-नोटीस बजावायचा खर्च), पेपरात नोटीस, कॉपी, टायपिंग, शपथपत्र. फी म्हणजे वकिलाच्या कामाचे पैसे. सक्सेशन सर्टिफिकेटला कोर्ट फी रकमेवर बसते आणि अर्जासोबतच ती रक्कम कोर्टात डिपॉझिट करावी लागते, अर्ज नामंजूर झाला तर ती परत मागता येते. म्हणून वकील म्हणाले की एवढे कोर्ट फीचे, तर नक्की आकडा फायलिंग सेक्शनमध्ये स्वतः विचारा आणि चलनाची पावती स्वतःकडे ठेवा. डिपॉझिट परत मिळालं की ते तुमचं, वकिलाचं नाही, आणि हे पैसे परत मागायला लोक विसरतात.

बार कौन्सिलच्या २६ व्या नियमाप्रमाणे वकिलानं आलेला प्रत्येक पैसा फीचा की खर्चाचा हे हिशेबात लिहायला पाहिजे, आणि केस चालू असताना खर्चाचे पैसे तुमच्या लेखी संमतीशिवाय फीमध्ये वळवता येत नाहीत. हे फार थोड्या पार्ट्यांना माहीत असतं.

कागद असा लिहा, साधाच. साध्या कागदावर चालतो, बाँडच पाहिजे असं काही नाही:

"श्री. अमुक वकील यांना, माझे पती कै. अमुक यांच्या ठेवीसंबंधी सक्सेशन सर्टिफिकेटच्या कामासाठी एकूण फी रुपये इतके ठरली आहे. त्यापैकी आज रुपये इतके दिले, पुराव्याच्या वेळी रुपये इतके, सर्टिफिकेटची कॉपी हातात मिळाल्यावर उरलेले रुपये इतके. खर्च वेगळा, पावतीप्रमाणे. अपील किंवा दुसरी केस करावी लागल्यास त्याची फी तेव्हा वेगळी ठरेल. फी मिळणाऱ्या रकमेवर किंवा निकालावर अवलंबून नाही." खाली तारीख, दोघांच्या सह्या, दोन प्रती.

शेवटचं वाक्य मुद्दाम घाला. आणि "कॉपी मिळाल्यावर उरलेले" म्हणजे निकालावर अवलंबून झालं का असं कुणी विचारेल, तर नाही, कारण आकडा ठरलेला आहे, फक्त देण्याची वेळ ठरलीय, आणि अर्ज नामंजूर झाला तरी काम झालंय तर तो हप्ता द्यायचाच. हवं तर "किंवा अर्जाचा निकाल लागल्यावर" असंच लिहा, जास्त स्वच्छ.

हातात पैसे नसतील, काकूसारखं, तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा. कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते, १५१०० वर फोन केला तरी सांगतात. बाईमाणसाला तिथं उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या कायद्याचं कलम १२ आहे, विधवा असो सधवा असो, फुकट वकील मागता येतो. अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग यांनाही. टक्केवारीच्या जाळ्यात माणूस पडतो ते मुळात "आत्ता पैसे नाहीत" म्हणूनच, तर ही वाट आधी विचारा.

सही करताना

वकीलपत्र म्हणजे वकालतनामा, त्यावर छापील ओळी असतात, तडजोड करण्याचा, पैसे काढून घेण्याचा अधिकार वकिलाला दिला अशा. "पैसे स्वीकारणे" आणि "तडजोड करणे" या दोन ओळी नको असतील तर खोडून बाजूला सही करा. काही वकील तोंड वाकडं करतात, करू देत. पैसे कोर्टातून किंवा बँकेतून थेट वारसाच्या खात्यात आले पाहिजेत, मध्ये कुणाचं खातं नको.

कोरा बाँड, कोरा चेक, कोऱ्या कागदावर अंगठा, काहीही झालं तरी नाही. जनरल मुखत्यारपत्र वकिलाच्या किंवा त्याच्या माणसाच्या नावानं तर अजिबात नाही.

आणि आपल्याकडचा खास प्रश्न, कागद कन्नडमध्ये असतात. खानापूर, बेळगाव, निपाणी, हुक्केरीकडची कितीतरी मराठी माणसं, खास करून वयस्कर बायका, कन्नड बोलतात पण वाचता येत नाही, आणि "अर्जच आहे, करा सही" म्हटलं की करतात. तुम्ही म्हणा की वाचून मराठीत सांगा, मग सही करतो. घरातलं कन्नड शाळेत शिकलेलं पोर बरोबर न्या. शपथपत्राच्या खाली "मला माझ्या भाषेत वाचून समजावून सांगितलं" असं लिहिलेलं असतं, ते खरंच घडल्याशिवाय सही नको, कारण नंतर कोर्टात तुमच्याच सहीचा पुरावा तुमच्यावर येतो. प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा, त्यात लाजायचं काही नाही.

बहिणीचं नाव, लहान मुलांचा हिस्सा

हे मी ऑफिसात बघितलेलं सगळ्यात वाईट. भाऊ येतो, म्हणतो बहिणींची लग्नं झालीत, त्यांची नावं अर्जात नको, लांबड लागते. सक्सेशन सर्टिफिकेटच्या अर्जात मयताच्या सगळ्या जवळच्या नातेवाईकांची नावं द्यावीच लागतात, भारतीय वारसा कायद्याचं कलम ३७२. मुद्दाम खोटं लिहिलं तर तो गुन्हा होतो, आणि सर्टिफिकेट मिळालं तरी कलम ३८३ खाली रद्द होऊ शकतं, मग घेतलेले पैसे परत करायची पाळी. जो वकील "नाव गाळूया" म्हणतो तो तुमच्या बाजूचा वाटला तरी तुम्हालाच खड्ड्यात घालतोय. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना हक्क कर्नाटकानं १९९४ च्या दुरुस्तीनंच दिला होता, नंतर २००५ ला केंद्राचा कायदा आला, ही काय काल-परवाची गोष्ट नाही.

बहिणीला सांगणं एवढंच की भावाच्या वकिलानं आणलेल्या हक्कसोडपत्रावर सही करायच्या आधी स्वतःचा वेगळा वकील बघा, नाहीतर कायदा सेवा प्राधिकरणात दाखवा. वकिलाचं दुसऱ्या बाजूशी काही नातं किंवा व्यवहार असेल तर ते त्यानं आधीच उघड करायचं असतं, हा पण नियम आहे, १४ वा.

अज्ञान, म्हणजे अजून सज्ञान न झालेल्या, मुलाचा हिस्सा असेल तर कोर्ट आपणहून जास्त बारकाईनं बघतं. दाव्यात मुलाच्या वतीनं तडजोड करायची किंवा पैसे घ्यायचे तर कोर्टाची परवानगी लागते, दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ३२. म्हणून मुलाच्या हिश्शातून फी कापायची म्हणाले तर सरळ म्हणा, कोर्टाला विचारून ऑर्डर घ्या. कोर्ट बहुतेक मुलाची रक्कम तो सज्ञान होईपर्यंत ठेवीत ठेवायला सांगतं, आणि मोठ्यांनी तिच्यावर डोळा ठेवू नये.

केस चालू असताना

फायलिंग झाल्यावर केसचा १६ अक्षरी सीएनआर नंबर मिळतो, तो वकिलाकडून लिहून घ्या. ई-कोर्टस् ॲपमध्ये घातला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, ऑर्डर, सगळं दिसतं. "साहेब रजेवर होते" खरं का खोटं ते तिथंच कळतं. पैसे देताना फोन-पे नाहीतर चेकनं द्या आणि नोटमध्ये "फी" किंवा "कोर्ट फी खर्च" असं लिहा, रोख दिले तर पावती, पावती देत नसतील तर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज टाका, "आज अमुक रुपये फीपोटी दिले साहेब", उत्तर नाही आलं तरी तारीख राहते.

वकील बदलायचा असेल तर बदलता येतो. जुन्या वकिलाची एनओसी, म्हणजे ना हरकत, मागायची पद्धत आहे, तो देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून परवानगी मिळते. "आधी उरलेली फी द्या मगच फाईल देतो" हे चालत नाही. २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की फी राहिली म्हणून पक्षकाराची कागदपत्रं अडवून धरायचा वकिलाला हक्क नाही. फी राहिली असेल तर त्यानं वेगळा दावा करावा. काकूच्या बाबतीत हेच झालं, ओरिजिनल ठेव पावती आणि मृत्यूचा दाखला अडकला होता, मी एक पत्र लिहून दिलं आणि त्या निकालाचं नाव लिहिलं, आठ दिवसांत क्लार्कनं फोन केला की या घेऊन जा. क्लार्कचा आवाज मला ओळखीचा होता, बरं नाही वाटलं, पण दुसरं काय करणार.

पैसे सुटले की

भरपाईची रक्कम कोर्टात जमा असेल तर पैसे काढायच्या अर्जातच लिहा की प्रत्येक वारसाच्या हिश्शाप्रमाणे थेट त्याच्या बँक खात्यात जमा करावी, आणि पासबुकाची झेरॉक्स जोडा. रक्कम वकिलाच्या हातात आली असेल तर त्यानं लवकरात लवकर कळवलं पाहिजे. काम संपल्यावर ठरलेली फी तो त्यातून वळती करू शकतो, पण ठरलेली. फी ठरलीच नव्हती तर कोर्टाच्या नियमांप्रमाणे जी फी बसते तेवढीच, उरलेलं परत. आणि हिशेबाची प्रत मागितली की द्यावीच लागते, तो ३० वा नियम. मागायचं पत्र चार ओळींचं:

"माझ्या अमुक नंबरच्या केसमध्ये आपल्याकडे माझ्या खात्यावर जमा झालेली रक्कम, त्यातील फी व खर्च यांचा तपशीलवार हिशेब, पावत्यांसह, तसेच माझी मूळ कागदपत्रे १५ दिवसांत द्यावीत ही विनंती." स्पीड पोस्टनं, डिलिव्हरीचा पुरावा ठेवून. भांडणाची भाषा नको, शिव्या तर अजिबात नको, हे पत्र उद्या कोर्टात किंवा बार कौन्सिलमध्ये वाचलं जाणार आहे.

कोर्ट फी कधी आणि कशी तपासतं

लोकांना वाटतं जज्जसमोर उभं राहून "साहेब माझ्या वकिलानं जास्त घेतले" म्हटलं की झालं. तसं नसतं, वारसाच्या केसमध्ये कोर्ट तुमच्या खासगी फीत सहसा पडत नाही. कोर्टासमोर फीचा प्रश्न येतो तो चार वाटांनी.

एक, वकील फीचा दावा लावतो तेव्हा. १९२६ चा वकिलांच्या फीचा कायदा आहे, त्याप्रमाणे करार असेल तर करारातली फी, नसेल तर कोर्टात खर्च मोजायच्या नियमाप्रमाणे बसणारी. टक्केवारीचा करार पुढे केला तर तुम्ही लेखी म्हणण्यात २० वा नियम आणि २०१७ चा निकाल मांडा. समन्स आलं की घाबरून घरात बसू नका, हजर राहिलं नाही तर एकतर्फी हुकूम होतो आणि मग सगळं अवघड.

दोन, मृत्युपत्राचा व्यवस्थापक किंवा कोर्टानं नेमलेला प्रशासक असेल तेव्हा. त्याला ६ महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब कोर्टात द्यावा लागतो, वारसा कायद्याचं कलम ३१७. प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) काढायचा आणि मालमत्तेसाठी लागणाऱ्या कोर्टकामाचा खर्च अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणाच्या खर्चानंतर मालमत्तेतूनच द्यायचा असतो, कलम ३२१, म्हणून व्यवस्थापकानं वकिलाला किती दिले हे प्रत्येक वारसाला बघता येतं. या हिशेबाची सर्टिफाइड कॉपी काढा. भाऊच व्यवस्थापक आणि त्याचा मित्रच वकील असेल तर तिथं एकेक आकडा वाचा.

तीन, खर्चाचा हुकूम. वाटणीच्या दाव्यात खर्च कुणी द्यायचा आणि कुठल्या मालमत्तेतून द्यायचा हे कोर्ट ठरवू शकतं. डिक्रीत, म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्यात, "वकील फी" म्हणून एक आकडा येतो, तो नियमाप्रमाणे काढलेला असतो, तुमची खरी फी नव्हे, त्यावरून वकिलाशी भांडू नका.

चार, तुम्ही स्वतः वकिलाविरुद्ध हिशेबाचा दिवाणी दावा लावता तेव्हा. पैसे खाल्ले, खोटी सही केली असं असेल तर ते फौजदारी, भारतीय न्याय संहितेतलं विश्वासघाताचं कलम ३१६ आणि फसवणुकीचं ३१८. पण फी जास्त घेतली एवढ्यासाठी पोलीस स्टेशनला जाऊ नका, तो त्यांचा विषय नाही.

ग्राहक कोर्टात जायचं नाही. १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. बँकेविरुद्ध मात्र ग्राहक कोर्टात जाता येतं.

एजंट

वारस शोधून देतो, शेअर सोडवून देतो म्हणणारे एजंट हल्ली फोन करतात. हे वकील नसतात, त्यांना बार कौन्सिलचा नियम लागू नाही, त्यामुळे इथं टक्केवारीचा कागद तुमच्या अंगावर येऊ शकतो. जी माहिती ते विकतात ती उद्गमवर आणि आयईपीएफच्या साईटवर फुकट आहे. सही करू नका, ओटीपी देऊ नका.

बार कौन्सिलकडे तक्रार

वकील ज्या राज्याच्या यादीत आहे त्या राज्याच्या बार कौन्सिलकडे जायचं. आपल्या सीमेवर हे चुकतं. बेळगाव, चिक्कोडी, अथणीचा वकील असेल तर बहुतेक कर्नाटक राज्य बार कौन्सिल, बेंगळुरू. कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडचा किंवा गोव्याचा असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल, मुंबई. वकीलपत्रावर त्याचा नोंदणी नंबर असतो, सुरुवातीची अक्षरं केएआर असतील तर कर्नाटक, एमएएच असतील तर महाराष्ट्र.

तक्रार इंग्रजी, हिंदी किंवा त्या राज्याच्या भाषेत देता येते. म्हणजे बेंगळुरूला मराठीत लिहून पाठवलं तर अडकणार, इंग्रजी नाहीतर कन्नड करून घ्या, घरात तयार केलेला मराठी मसुदा जोडायची गरज नाही. सही आणि दाव्यासारखं सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याचं खाली लिहिलेलं, पाहिजे. फॉर्म, फी आणि किती प्रती ते कौन्सिलच्या ऑफिसला फोन करून विचारा. मजकुरात तारखा क्रमानं लिहा, कुठल्या दिवशी किती दिले, काय सांगितलं, काय मागितलं, आणि जोडायचे कागद म्हणजे टक्केवारीचा कागद, बँक स्टेटमेंट, मेसेज, हिशेब मागितलेलं पत्र आणि पोस्टाचा पुरावा. "लोक म्हणतात हा असाच आहे" असली वाक्यं काढून टाका, त्यानं तुमचीच बाजू पातळ होते.

तक्रारीत दम असेल तर बार कौन्सिलची शिस्त समिती वकिलाला ताकीद देऊ शकते, काही काळ सनद निलंबित करू शकते किंवा यादीतून नावच काढू शकते. तुमचे पैसे परत मिळवून देणं हे तिचं मुख्य काम नाही, त्याला वरचा दिवाणी दावा. एका वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं, वकिली कायद्याचं कलम ३६-ब, म्हणून राज्याच्या कौन्सिलला तक्रार पोचल्याची तारीख जपा. निकाल पटला नाही तर ऑर्डर कळवल्यापासून ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, आणि तिथल्या निकालावर पुन्हा ६० दिवसांत सुप्रीम कोर्टात. पोस्टाचं पाकीट फेकू नका, त्यावर मिळाल्याची तारीख पेनानं लिहून फाईलला लावून ठेवा.